जॉन लॉक : नैसर्गिक हक्क आणि गणतीबाहेरची माणसे

भारतीय संविधानातील मूलभूत हक्कांच्या उगमाची चर्चा करताना आपल्याकडे दोन टोकांची मते मांडली जातात. एका पक्षाच्या मते हे हक्क म्हणजे पाश्चात्त्यांकडून उसने घेतलेले धन होय. दुसऱ्या पक्षाच्या मते पश्चिमेने जे जे सांगितले ते सर्व येथील प्राचीन ग्रंथांत आधीच सांगून ठेवलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दोहोंपैकी एकही मार्ग पत्करला नाही. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून केलेल्या भाषणात स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वत्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतलेली नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. मात्र हे सांगणारा महापुरुष कोलंबिया व लंडन येथे अध्ययन केलेला होता. पाश्चात्त्य विचारपरंपरा त्याने आतून तपासलेली होती. तपासून स्वीकारावे आणि तपासूनच नाकारावे, ही त्याची पद्धती होती. त्याच पद्धतीने सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वचिंतक जॉन लॉक याच्या शासनविषयक, हक्कविषयक आणि ज्ञानविषयक विचारांचा परामर्श घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. लॉकने मानवी स्वातंत्र्याची जी मोजपट्टी तयार केली ती मोठी होती. परंतु त्या मोजपट्टीने कोणाकोणाला मोजायचे, या प्रश्नापाशी तो स्वतः अडखळला. हा अडखळण्याचा इतिहास आपल्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे.

काळ आणि जीवन

जॉन लॉक याचा जन्म २९ ऑगस्ट १६३२ रोजी इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील रिंग्टन या गावी झाला. त्याचे वडील वकिली व्यवसायात होते आणि राजा व पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धात ते पार्लमेंटच्या बाजूने लढले. १६४९ साली पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला, तेव्हा लॉक लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत शिकत होता आणि वधस्तंभ त्या शाळेपासून फार दूर नव्हता. राजाला प्रजेने न्यायासनासमोर उभे करावे, ही गोष्ट त्या पिढीच्या डोळ्यांसमोर घडली.

पुढे ऑक्सफर्ड येथे त्याने अध्ययन व अध्यापन केले. वैद्यकाचा अभ्यासही केला. १६६६ साली लॉर्ड अ‍ॅश्ली, म्हणजेच पुढे शाफ्ट्सबरीचा अर्ल म्हणून प्रसिद्धीस आलेला मुत्सद्दी, याच्याशी त्याचा परिचय झाला आणि पुढच्याच वर्षी तो त्याच्या लंडनमधील घरी वैद्य, सल्लागार व सचिव म्हणून राहावयास गेला. शाफ्ट्सबरी राजाच्या निरंकुश सत्तेचा विरोधक होता. हा संघर्ष विकोपास गेल्यावर १६८२ साली त्याने हॉलंडमध्ये आश्रय घेतला व पुढील वर्षाच्या आरंभी तेथेच त्याचा मृत्यू झाला. १६८३ साली लॉकलाही देश सोडावा लागला. त्याच वर्षी राजसत्तेविरुद्ध लिखाण करणाऱ्या अल्जर्नन सिडनी याला देहान्त शासन झाले. त्याच्यावरील आरोपाच्या पुराव्यात त्याच्याच हस्तलिखिताचा समावेश होता. लॉक आपली हस्तलिखिते इतकी का जपत असे आणि हॉलंडमध्ये काही काळ नाव बदलून का राहिला, याचे उत्तर या घटनेत आहे.

१६८८ च्या राज्यक्रांतीनंतर, १६८९ च्या फेब्रुवारीत, तो मायदेशी परतला. त्याच वर्षी त्याचे तीन ग्रंथ प्रकाशात आले: शासनसंस्थेवरील दोन प्रबंध, मानवी आकलनाविषयीचा निबंध आणि सहिष्णुतेविषयीचे पत्र. यांपैकी पहिला व तिसरा ग्रंथ निनावी होता. आपण त्यांचे कर्ते आहोत याची उघड कबुली त्याने केवळ मृत्युपत्राच्या पुरवणीत दिली. २८ ऑक्टोबर १७०४ रोजी त्याचे निधन झाले.

जन्मसिद्ध सत्तेचे खंडन

लॉकचा पहिला प्रबंध आज फारसा वाचला जात नाही. पण आपल्या वाचकांनी तो अवश्य लक्षात घ्यावा असा आहे. सर रॉबर्ट फिल्मर याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८० साली, प्रसिद्ध झाला होता. ईश्वराने आदिपुरुष आदम याला पितृत्वाच्या नात्याने सर्वांवर सत्ता दिली, तीच सत्ता वारसाहक्काने राजांकडे आली आणि म्हणून कोणीही मनुष्य स्वतंत्र जन्मत नाही, असा फिल्मरचा सिद्धान्त होता. म्हणजे काहींनी जन्मतः राज्य करावे व इतरांनी जन्मतः आज्ञा पाळावी, आणि या व्यवस्थेला धर्मग्रंथाचा आधार असावा. जन्मावर आधारलेल्या उतरंडीचे समर्थन करणाऱ्यांची भाषा देशोदेशी किती सारखी असते, हे येथे दिसते.

लॉकने या सिद्धान्ताचे खंडन त्याच धर्मग्रंथाच्या आधारे केले. त्याचा एक युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. अपत्याच्या जन्मात मातेचा वाटा पित्याइतकाच असतो. ज्या आज्ञेचा फिल्मर आधार घेतो, ती आज्ञाही पित्याबरोबर मातेचा मान राखण्यास सांगते. मग केवळ पित्याच्या नावाने सर्वसत्ता कशी सिद्ध होणार, असा प्रश्न त्याने केला.

दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्ताचे येथे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. वासेट्ठ व भारद्वाज हे ब्राह्मण कुळातील दोन तरुण तथागतांकडे आले, तेव्हा त्यांचे कुलबांधव त्यांची निर्भर्त्सना करीत होते. आम्ही ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मलो, असा त्या बांधवांचा दावा होता. ब्राह्मण स्त्रियाही इतर स्त्रियांप्रमाणेच ऋतुमती व गर्भवती होतात, प्रसूत होतात आणि मुलांना दूध पाजतात, हे सर्वजण पाहतात. असे असता मुखातून जन्म झाल्याचा दावा कसा टिकेल, असे तथागतांनी त्यावर दाखवून दिले. दोन हजार वर्षांहून अधिक अंतराने दोन विचारवंतांनी जन्मसिद्ध श्रेष्ठत्वाचा डोलारा मातेकडे बोट दाखवून पाडला. यात उसनवारीचा प्रश्न उद्भवत नाही. असत्य सारखे असले की त्यावरील उत्तरही सारखे सापडते, एवढाच याचा अर्थ.

हक्क आणि शासन

दुसऱ्या प्रबंधात लॉकने स्वतःची बाजू मांडली. शासन निर्माण होण्यापूर्वीच्या निसर्गावस्थेत सर्व माणसे स्वतंत्र व समान असतात. त्या अवस्थेतही कायदा असतो आणि तो विवेकाचा असतो. कोणीही दुसऱ्याच्या जीविताला, आरोग्याला, स्वातंत्र्याला वा मालमत्तेला इजा करू नये, हे विवेक शिकवतो. मात्र तंटा उद्भवल्यास प्रत्येकजण स्वतःच न्यायाधीश बनतो, ही निसर्गावस्थेतील अडचण होय. ती दूर करण्यासाठी माणसे परस्परसंमतीने समाज स्थापन करतात आणि शासनाला मर्यादित अधिकार सोपवतात. शासन हे विश्वस्त असते. विश्वस्ताने विश्वासघात केल्यास अधिकार मूळ मालकाकडे, म्हणजे जनतेकडे, परत येतात. शासनाने मर्यादा ओलांडली की नाही, याचा निर्णयही जनतेनेच करावयाचा. जनतेच्या प्रतिनिधींच्या संमतीवाचून कर बसवू नये, लहरीने नव्हे तर जाहीर केलेल्या कायद्याने राज्य करावे, ही सूत्रे याच भूमिकेतून निघतात.

मालमत्तेविषयीचे त्याचे विवेचन प्रसिद्ध आहे. पृथ्वी सर्वांची आहे. परंतु मनुष्य आपले श्रम एखाद्या वस्तूत मिसळतो, तेव्हा ती त्याची होते. यालाही दोन मर्यादा आहेत. इतरांसाठी पुरेसे व तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे आणि घेतलेली वस्तू वाया जाता कामा नये. हे सांगताना त्याने पाण्याचा दाखला दिला आहे. वाहत्या नदीतून कोणी पोटभर पाणी प्याला, तरी तेवढीच नदी इतरांसाठी शिल्लक असते. मग आपले नुकसान झाले असे कोणाला वाटेल?

लॉकला हा प्रश्न उत्तराची गरज नसलेला वाटला. परंतु २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्याला उत्तर मिळाले. मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव संमत केला होता व महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचे ठरविले होते. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक त्या तळ्याचे पाणी प्याले. तळ्यातील पाणी कमी झाले अशी तक्रार कोणी केली नाही. तळे बाटले अशी तक्रार झाली. सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण करण्यात आले आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने १९३७ साली दिला. लॉकच्या तत्त्वज्ञानात टंचाईमुळे होणाऱ्या अन्यायाचा विचार आहे. विपुलता असतानाही केवळ स्पर्शाच्या भयाने नाकारल्या जाणाऱ्या हक्काचा विचार त्यात नाही. दुसरा माणूस माणूस आहे हे आधी मान्य असेल, तरच लॉकचा दाखला लागू पडतो.

ज्ञानाचा प्रश्न

लॉकच्या ज्ञानमीमांसेचा त्याच्या राजकीय विचाराशी जवळचा संबंध आहे. मनुष्याच्या मनात जन्मतःच काही तत्त्वे कोरलेली असतात, हे मत त्याने आकलनविषयक निबंधाच्या पहिल्या भागातच खोडून काढले. अशी तत्त्वे खरोखर जन्मजात असती, तर ती लहान बालकांतही आढळली असती. तशी ती आढळत नाहीत. मन हे आरंभी कोऱ्या कागदासारखे असते आणि त्यावरील सर्व लेखन अनुभवाचे असते. इंद्रियांना होणारे ज्ञान आणि मनाने स्वतःच्या व्यापाराचे केलेले निरीक्षण, हे त्या अनुभवाचे दोन झरे होत.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. जन्मजात तत्त्वांच्या सिद्धान्ताचा लाभ कोणाला होतो, हेही लॉकने उघड केले. काही तत्त्वे प्रश्नापलीकडची आहेत असे एकदा ठरले, की आळशी माणसाचे शोधाचे कष्ट वाचतात आणि स्वतःला गुरू म्हणवणाऱ्यांना इतरांवर हुकमत गाजवणे सोपे जाते. थोर समजल्या जाणाऱ्या व्यक्तीचे नाव पुढे करून प्रतिपक्षाला गप्प करणे, हाही त्याने युक्तिवादाचा सदोष प्रकार मानला.

अंगुत्तरनिकायात केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथप्रामाण्य, एवढेच काय पण हा श्रमण आपला गुरू आहे ही भावना, यांपैकी कशाच्याही आधारे एखादी गोष्ट स्वीकारू नये, असे तेथे सांगितले आहे. येथपर्यंत लॉक आणि हा उपदेश एका वाटेने चालतात. पुढे मात्र अंतर पडते. लॉक विचारतो, माझे ज्ञान किती निश्चित आहे? कालाम सुत्त आणखी एक पाऊल पुढे टाकते. या गोष्टीच्या स्वीकाराने लोभ, द्वेष व मोह वाढतात की क्षीण होतात? तिच्यामुळे माझे व इतरांचे हित होते की अहित? ज्ञानाला दुःखाची कसोटी लावणे, हे बुद्धविचाराचे वैशिष्ट्य होय. ही दुसरी कसोटी लॉकपाशी नव्हती आणि तिच्या अभावाचे परिणाम त्याच्याच चरित्रात दिसतात.

गणतीबाहेरची माणसे

दास्य ही मनुष्याची अत्यंत हीन अवस्था आहे, असे विधान करून लॉकने पहिल्या प्रबंधाचा आरंभ केला आहे. तोच लॉक अमेरिकेतील कॅरोलायना वसाहतीच्या मालक-मंडळाचा सचिव होता. त्या वसाहतीसाठी १६६९ साली जी राज्यघटना तयार झाली, तिच्या रचनेत त्याचा नेमका वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र त्या कामात तो सहभागी होता, याविषयी शंका नाही. तिच्यात प्रत्येक स्वतंत्र नागरिकाला आपल्या निग्रो गुलामावर संपूर्ण अधिकार दिला होता. गुलामाने कोणताही धर्म स्वीकारला, तरी त्याचे दास्य कायम राहणार होते. तिच्यात जमिनीशी बांधलेल्या कुळांचाही एक वर्ग कल्पिलेला होता आणि त्या वर्गाची मुले पिढ्यानपिढ्या त्याच वर्गात राहतील असे कलम होते. फिल्मरचा जन्मसिद्धान्त पुढच्या दाराने हाकलला आणि मागच्या दाराने आत घेतला, असा हा प्रकार होता. ती घटना वसाहतीत पूर्णपणे अमलात आली नाही. परंतु गुलामगिरी मात्र तेथे रुजली. आफ्रिकेतून गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीची स्थापना १६७२ साली झाली. तिच्यात लॉकने सुमारे ६०० पौंड गुंतविले होते.

अमेरिकेतील मूळ रहिवाशांची स्थितीही वेगळी नव्हती. श्रमाने जमीन आपली होते, हे तत्त्व त्यांच्या बाबतीत उलटे फिरविले गेले. युरोपीय पद्धतीने न नांगरलेली जमीन ही पडीक, म्हणून ती कोणीही घ्यावी, असा निष्कर्ष त्यातून काढता येत होता आणि तो काढला गेला. शिवाय माझ्या सेवकाने कापलेले गवत माझेच, असे लॉक त्याच प्रकरणात सहजपणे मानतो. श्रम करणारा एक आणि मालक दुसरा, ही गोष्ट त्याला खटकली नाही.

१६९७ साली इंग्लंडमधील दारिद्र्याविषयी त्याने अहवाल लिहिला. शिस्त ढिली झाली व आचार बिघडला, हे त्याला दारिद्र्याचे कारण वाटले. भीक मागणाऱ्यांना कठोर शिक्षा आणि गरिबांच्या ३ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी कामाच्या शाळा, असे उपाय त्याने सुचविले. ते अमलात आले नाहीत. याच प्रश्नावर दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त काय सांगते ते पाहावे. राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या वाढली. कूटदन्त सुत्तात तर शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे, म्हणजे राज्यात शांतता नांदेल, असा सल्ला आहे. एका दृष्टीला गरिबाचा आचार दिसतो, दुसरीला राज्याचे कर्तव्य दिसते.

सहिष्णुतेच्या पत्रातही अशीच एक भिंत आहे. माणसाच्या श्रद्धेवर शासनाने बळजबरी करू नये, हे त्याचे प्रतिपादन त्या काळी धाडसाचे होते. परंतु ईश्वराचे अस्तित्व नाकारणाऱ्यांना त्याने सहिष्णुतेतून वगळले. त्यांच्या वचनावर व शपथेवर विश्वास ठेवता येत नाही, असे कारण दिले. सृष्टिकर्ता ईश्वर न मानणारा बौद्ध उपासक लॉकच्या राज्यात कोठे उभा राहिला असता? ही भिंत पडावयास फार काळ लागला. चार्ल्स ब्रॅडलॉ या निरीश्वरवादी गृहस्थाची १८८० साली पार्लमेंटवर निवड झाली, पण शपथेच्या वादामुळे त्याला १८८६ पर्यंत आपली जागा निर्वेधपणे मिळाली नाही. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मात्र ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक केलेले दृढकथन, हे दोन्ही मार्ग समान प्रतिष्ठेने खुले आहेत. शीलाचे पालन करणाऱ्या माणसाचा शब्द ईश्वराच्या साक्षीवाचूनही खरा असतो, हे बौद्ध जीवनाने शतकानुशतके सिद्ध केले आहे.

तत्त्वाचा पुढील प्रवास

असे असले तरी लॉकला दांभिक ठरवून पुस्तक मिटणे योग्य होणार नाही. तत्त्व एकदा उच्चारले गेले की ते उच्चारणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लॉकच्या विचारांचा प्रभाव स्पष्ट आहे आणि त्या जाहीरनाम्याचा मुख्य कर्ता जेफर्सन हाही गुलामांचा मालक होता. परंतु पुढे गुलामगिरीच्या विरोधकांनी त्याच जाहीरनाम्यावर बोट ठेवून जाब विचारला आणि १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. नैसर्गिक हक्कांच्या परंपरेतील टॉमस पेन याचा मानवी हक्कांवरील ग्रंथ १८४७ साली जोतीराव फुले यांच्या वाचनात आला. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. लॉकने ज्यांना गणतीबाहेर ठेवले, त्यांच्या मुक्तीचा सन्मान पुण्यातील एका शूद्र विचारवंताने केला. हे तत्त्व गणतीबाहेरच्या माणसांनीच पूर्णत्वास नेले.

दोन आरंभकथा

शेवटचा प्रश्न राहतो तो असा की, हे तत्त्व मुळातच अपुरे का पडले? याचे उत्तर राज्याच्या उत्पत्तीच्या दोन कथांची तुलना केल्यास मिळते. लॉकच्या कथेत मालमत्ता आधी येते आणि तिच्या रक्षणासाठी शासन येते. अग्गञ्ञ सुत्तातही करार आहे. लोक एकत्र जमतात, आपल्यातील योग्य व्यक्तीची निवड करतात, तिला धान्याचा वाटा देण्याचे कबूल करतात आणि पुष्कळांनी संमती दिली म्हणून तिला 'महासम्मत' म्हणतात. परंतु त्यापूर्वीची हकीकत निराळी आहे. तांदूळ आपोआप उगवत असे, तेव्हा एकाने आळसाने दोन वेळांचा साठा एकदम केला. इतरांनी त्याचे अनुकरण केले. साठ्यातून टंचाई, टंचाईतून शेतांच्या सीमा आणि सीमांतून चोरी, असत्य व दंड उत्पन्न झाले. म्हणजे राज्य हे लोभाने झालेल्या जखमेवरील औषध आहे. लॉक कुंपणाचे रक्षण करण्यासाठी राजा नेमतो. सुत्त मात्र कुंपण का पडले हेही विचारावयास लावते.

हा भेद केवळ ग्रंथातला नाही. मालमत्तेचा हक्क आपल्या संविधानातही मूलभूत हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून काढण्यात आला आणि साधा घटनात्मक हक्क म्हणून उरला. त्यापूर्वी १९५९ व १९६४ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यांची मागणी होती. ज्यांचे श्रम पिढ्यानपिढ्या इतरांच्या मातीत मिसळले, त्यांनी श्रमावरील हक्काचे तत्त्व त्याच्या खऱ्या अर्थाने मांडले होते.

बाबासाहेबांना लॉकच्या परंपरेतील उणीव अचूक ठाऊक होती. हक्कांचे रक्षण केवळ कायद्याने होत नाही, समाजाची नैतिक सदसद्विवेकबुद्धी त्यांच्या पाठीशी असावी लागते, हे त्यांनी १९४३ साली रानडे, गांधी व जिना यांच्यावरील भाषणात मांडले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत आणि सामाजिक लोकशाहीवाचून राजकीय लोकशाही टिकणार नाही. लॉकपाशी स्वातंत्र्य होते, समतेचा उच्चारही होता, बंधुता नव्हती. म्हणूनच गुलाम, मूळ रहिवासी, भिकाऱ्याचे मूल आणि निरीश्वरवादी यांना दाराबाहेर ठेवताना त्याची लेखणी थांबली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दीक्षा घेताना बाबासाहेबांनी आपल्या हाती हक्कांची सनद नव्याने दिली नाही. ती संविधानाने आधीच दिलेली होती. त्या सनदेला जिवंत ठेवणारी मैत्री व करुणा त्यांनी दिली. आज आपण आपले हक्क मागतो, तेव्हा लॉकची भाषा वापरतो आणि ती वापरलीच पाहिजे. परंतु आपल्या विहारात, वस्तीत आणि घरात कोणी गणतीबाहेर राहिले आहे काय, हेही आपण पाहिले पाहिजे. आपल्यातील स्त्रीचा शब्द, आपल्याहून अधिक दुर्बल जातीतील शेजाऱ्याचा हक्क आणि आपल्या शेतात राबणाऱ्याची मजुरी यांना आपली मोजपट्टी लागू होते की नाही, यावरच आपण लॉकच्या पुढे गेलो की त्याच्याच उंबरठ्यावर थांबलो, हे ठरणार आहे.